‘आणि साथीदार’ : एक नाव, एक आडनाव आणि एक परंतुक

भावगीतांच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल, काहींनी लिहिलीही असेल. आम्ही तर पुष्कळ लिहिल्या आहेत. वर गायकाचे नाव ठळक अक्षरांत, त्याखाली निवेदकाचे, मग अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, क्वचित आभार मानणाऱ्या कार्यवाहांचेही. आणि सर्वांत शेवटी दोन शब्द, ‘आणि साथीदार’. तबला, संवादिनी, व्हायोलिन ज्यांनी वाजवायचे ते सारे या दोन शब्दांत मावतात. प्रस्तुत लेखात त्या दोन शब्दांचाच विचार करावयाचा आहे. निमित्त तीन निरनिराळ्या मजकुरांचे आहे : एक चित्रपटगीत, एक इंग्रजी ग्रंथ आणि एका कायद्यातील एक परंतुक. तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच. साथीदाराला स्वतःचे नाव असते का, आणि असले तर ते कोणाच्या दप्तरी नोंदले जाते?

प्रथम गीत. १९७७ सालच्या मे महिन्यात ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात एका भल्यामोठ्या कृत्रिम अंड्यातून नायक बाहेर येतो आणि आपले नाव व आडनाव गाऊन सांगतो. गीत आनंद बक्षी यांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. मूळ कल्पनेत पात्राचे आडनाव फर्नांडिस होते आणि संगीतकारांच्या सूचनेवरून ते गोन्साल्विस झाले, असे सांगितले जाते. ते कसेही असो, त्या नावामागे खरा माणूस होता हे निर्विवाद आहे. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक, वाद्यवृंदाचे संयोजक आणि शिक्षक. प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले होते. राहुलदेव बर्मन हेही त्यांचे विद्यार्थी. शिष्याने गुरूला वाहिलेली ही दक्षिणा होती, आणि तिच्यातील कृतज्ञतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि समीक्षकाने विचारावे असे काही येथे उरतेच. ज्या कोट्यवधी श्रोत्यांनी ते नाव ऐकले, त्यांना त्यातून काय कळले? एक नाव व एक आडनाव कळले. व्हायोलिन कळले नाही. गीतात व्हायोलिनचा, शिक्षकाचा, वाद्यवृंदाचा उल्लेखही नाही. ज्याने आपल्या शिष्यांना एकेका स्वराच्या शुद्धतेची सवय लावली, त्याचे नाव विनोदी इंग्रजी बडबडीला लागून येते आणि हशा पिकवून जाते. नावाची कीर्ती झाली, पण ते नाव कशासाठी घ्यायचे, हे श्रोत्यांना कोणी सांगितले नाही. कीर्ती आणि श्रेय या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळते हा भ्रम आहे.

या भ्रमाला आडनावाने हातभार लावला आहे. गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा पुत्र. फर्नांडिस, रॉड्रिग्ज ही आडनावे याच घडणीची : पित्याच्या नावास प्रत्यय जोडून झालेली. रशियन कादंबऱ्या वाचणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. इवानचा तो इवानोव्ह, पेत्रचा तो पेत्रोव्ह, आणि असे सहस्रावधी. गोव्यात मात्र धर्मांतराच्या वेळी ही आडनावे बाहेरून येऊन चिकटली. ज्यांच्या कुळात गोन्सालो नावाचा पुरुष कधी झाला नव्हता, अशी असंख्य घराणी गोन्साल्विस झाली. म्हणजे या आडनावावरून ना कूळ कळते, ना गाव. चित्रपटातील अँथनी तर आईबापांपासून दुरावलेला, पाद्र्याने वाढवलेला मुलगा. ‘अमक्याचा पुत्र’ असे सांगणारे आडनाव त्याला मिळावे, हा योगायोग लेखकाच्या ध्यानी नसला तरी वाचकाच्या ध्यानी यावा.

आपण बऱ्हाणपूरच्या मराठी मंडळींनी यावर हसू नये. उदगीरनंतर, १७६० मध्ये हे शहर पेशव्यांकडे आले. इकडच्या प्रदेशात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी आडनाव ही ओळखीची शेवटची खूण म्हणून जपली. परंतु मध्य प्रदेशाच्या मतदारयादीत ‘जोशी’ हे आडनाव वाचून तो माणूस मराठी की गुजराती, की कुमाऊँकडून आलेला, हे सांगता येते काय? अशाच कागदांत आमची उमेदीची वर्षे गेली. वडिलांचे नाव, गाव आणि धंदा लागल्याखेरीज कोणत्याही यादीतला माणूस उभा राहत नाही, हे तेथे शिकलो. संगीताच्या इतिहासालाही हेच लागू आहे. मराठीत व्हायोलिन आणि ‘जोग’ हे दोन शब्द एकत्र आले की ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो. वि. गो. जोग हे वाईत १९२२ साली जन्मलेले, रागसंगीताची मैफल स्वतंत्रपणे गाजवणारे वादक. प्रभाकर जोग हे भावगीतांच्या व चित्रपटगीतांच्या साथीतले, वाद्यवृंद संयोजनातले आणि पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ म्हणून घरोघरी पोचलेले वादक. एकाचे नाव मैफलीच्या पत्रिकेवर ठळक छापले जाई, दुसऱ्याचे कित्येकदा ‘आणि साथीदार’मध्ये विरघळून जाई. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची छप्पन्न गीते प्रसारित झाली. माडगूळकर आणि फडके ही नावे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. त्या गीतांच्या साथीतले व्हायोलिन प्रभाकर जोगांचे, हे किती घरांत ठाऊक आहे? जोगांनी ‘स्वर आले जुळुनी’ हे आत्मकथन लिहिले. साथीदाराने स्वतःच लेखणी उचलल्याखेरीज त्याचा इतिहास लिहिला जात नाही, हे या उदाहरणाचे तात्पर्य. ते २०२१ मध्ये गेले.

आता ग्रंथ. ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांचा ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ ऑक्सफर्डने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादकांच्या मुलाखतींवर तो उभा आहे, आणि त्याचा आरंभच अँथनी गोन्साल्विस कोण या प्रश्नाने होतो. प्रश्नाची ही निवड आम्हांला फार मार्मिक वाटते. ज्या नावावर सारा देश हसला, त्या नावाकडे एका परदेशी अभ्यासकाने प्रथम प्रश्न म्हणून पाहिले. ग्रंथाचा गुण असा की तो वादकाला ‘प्रतिभावंत’ ठरवण्याच्या घाईत नाही. तो त्याला काम करणारा माणूस म्हणून पाहतो. वादक कोठून आले, त्यांना काम कोण देई, ध्वनिमुद्रणाची तंत्रे बदलली तसे त्यांचे दिवस कसे बदलले, आणि नव्वदच्या दशकात संगणक व कळफलकाची वाद्ये आल्यावर मोठे वाद्यवृंद कसे ओस पडले, हे तो क्रमाने सांगतो. गोव्याच्या वादकांचे महत्त्व त्यांना स्वरलेखन वाचता-लिहिता येत होते यात होते. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. ती चाळीस-पन्नास वाद्यांत वाटून कागदावर उतरवणारा माणूस दुसराच असे. सेबॅस्टियन डिसोझा हे अशा माणसांतले अग्रणी.

शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत साहाय्यक म्हणून ‘दत्ताराम’ आणि ‘सेबॅस्टियन’ ही दोन नावे येतात. त्यांना आडनावे नाहीत, जणू घरातल्या पोऱ्यांना हाक मारावी तशी. दत्ताराम यांच्या ठेक्याला पुढे त्यांचेच नाव पडले, ही वादकांच्या व्यवहारातली खरी पदवी; पण पडद्यावर त्यांच्या वाट्याला एक शब्दच आला. उलट अँथनी गोन्साल्विस यांना नाव-आडनाव दोन्ही मिळाले, पण काम वगळून. एकाकडे आडनाव नाही, दुसऱ्याकडे व्हायोलिन नाही. दोन्ही नोंदी अपूर्ण आहेत, आणि अपूर्ण नोंद दप्तरात निरुपयोगी ठरते.

बूथ यांच्या ग्रंथाविषयी आमची तक्रार दोन बाबतींत आहे. पहिली, त्याचा विषय हिंदी चित्रपट असल्याने मराठी भावगीताचे व नभोवाणीचे जग त्याच्या बाहेर राहते. हा दोष त्याचा नव्हे, आपला आहे, कारण ते काम आपण करावयास हवे होते. दुसरी तक्रार अधिक गंभीर. वादकाच्या मेहनतान्याचा विचार करणारा हा ग्रंथ वादकाच्या हक्काचा विचार पुरेसा करीत नाही. त्यालाही कारण आहे. २००८ मध्ये बोलण्यासारखा हक्क फारसा नव्हताच. तो पुढे आला, आणि आला तो एका अडथळ्यासह.

येथे तिसरा मजकूर, कायदा, विचारात घ्यावा लागतो. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात मुळात गायक-वादकांच्या सादरीकरणाला स्थान नव्हते. रचनेवर हक्क रचनाकाराचा, ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचा. गळा आणि हात यांची गणती नाही. १९७७ च्या मार्चमध्ये, म्हणजे उपरोक्त गीत लोकांसमोर येण्याच्या दोन महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या दाव्यात निर्माते आणि संगीतकार यांच्यातील वाद निर्मात्यांच्या बाजूने सोडवला. त्या निकालास न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र पुस्ती जोडली आणि आपल्या परंपरेत गायकाचे जे स्थान आहे ते या कायद्यात नाही, याकडे लक्ष वेधले. त्यानंतर थोड्याच काळाने देव आनंद यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अभिनेत्याचे काम अधिनियमातील ‘कृती’ नव्हे, असे म्हटले. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क प्रथम मान्य झाला. पण चित्रपटास एकदा संमती दिली की तो संपे. अखेर २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद गेली आणि व्यापारी वापरासाठी स्वामित्वधनाचा हक्क सादरकर्त्यास मिळाला. ही दुरुस्ती २१ जून २०१२ रोजी अंमलात आली. अँथनी गोन्साल्विस त्याच वर्षी १८ जानेवारीस निवर्तले होते.

आता ते परंतुक. ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्यासह डोंबारी, जादूगार व गारुडीही आहेत; ही उदारता स्तुत्य आहे. परंतु २०१२ मध्ये तिच्याखाली एक परंतुक जोडण्यात आले. त्याचा आशय असा : चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे, आणि व्यवसायाच्या नित्य प्रथेनुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीसह कोठेही केला जात नाही, तो सादरकर्ता समजला जाणार नाही. त्याला एकच गोष्ट उरते : आपल्या कामाची विटंबना झाली तर दाद मागण्याची. सादरकर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, हा जो नैतिक हक्क त्याच कायद्याने इतरांना दिला, तो त्याला नाही.

हा मजकूर दोनदा वाचावा. ज्याचे नाव दिले जात नाही, त्याला नाव मागण्याचा हक्क नाही. आणि हक्क नसल्याने त्याचे नाव दिले जाणार नाही. हजेरीपटावर नाव नसलेल्या मजुराला ‘तुझे नाव हजेरीपटावर नाही, म्हणून तुझे नाव हजेरीपटावर घेता येत नाही’ असे सांगावे, तसाच हा प्रकार. प्रथेने केलेल्या अन्यायाची चौकशी करावयास बसलेल्या कायद्याने प्रथेलाच साक्षीदार म्हणून उभे केले आहे.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हे परंतुक गर्दीच्या दृश्यांत उभे राहणाऱ्या शेकडो लोकांपुरते लिहिले गेले असावे, असे कोणी म्हणेल. एका गीताला साठ व्हायोलिने असताना साठांचा हिशेब ठेवणे अव्यवहार्य आहे, असेही म्हणेल. त्यात तथ्य आहे. शिवाय परंतुकाच्या दोन अटी ‘आणि’ने जोडलेल्या आहेत, केवळ नाव छापले नाही म्हणून वादक बाद होत नाही, त्याचे वादन प्रासंगिकही असावे लागते. आमच्या मते सारा वाद या ‘आणि’वर आणि ‘प्रासंगिक’ या विशेषणावर येऊन ठेपतो. ‘आराधना’ चित्रपटातील ‘रूप तेरा मस्ताना’ या गीतातून केर्सी लॉर्ड यांचे अकॉर्डियन काढून पाहावे. ‘दम मारो दम’च्या आरंभी भूपिंदरसिंग यांची गिटार नाही, अशी कल्पना करून पाहावी, आमच्या पिढीला रॉक संगीत म्हणजे काय याची पहिली चाहूल त्या तारांनी दिली. हे वादन आनुषंगिक म्हणावयाचे काय? गीत ज्या सुरावटीमुळे दोन क्षणांत ओळखले जाते, ती सुरावट गीताचा अवयव असते, अलंकार नव्हे. आणि हे सांगणे हे न्यायाधीशाचे काम होण्यापूर्वी संगीतसमीक्षकाचे काम आहे.

ज्या व्यवसायाने हा कायदा लिहिला व चालवला, तो वकिलीचा व्यवसाय स्वतःच्या नावाबाबत कसा वागतो, हे येथे पाहण्यासारखे आहे. वकिलाचे नाव प्रथम नोंदवहीत चढते, मग वकीलपत्रावर, मग निकालपत्राच्या शिरोभागी. मुख्य युक्तिवाद ज्येष्ठ वकिलाने केला तरी त्याच्या साहाय्यकांची नावे खाली छापली जातात. म्हणजे तेथे ‘आणि साथीदार’ असे कोणी लिहीत नाही. ही नावे इतकी वाढली की मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, जो प्रत्यक्ष हजर राहून युक्तिवाद करतो त्याचे व त्याला साहाय्य करणाऱ्या एकाचे, एवढीच नावे नोंदवावीत असे सांगावे लागले. वकिलांच्या संघटनांनी तक्रार केली, कारण संघटनेतील मताधिकार आणि न्यायालयातील कक्षाचे वाटप अशा नोंदींवर अवलंबून असते. ती तक्रार आम्हांला हास्यास्पद वाटत नाही. नावाची नोंद हीच पुढील हक्काची पायरी, हे वकिलांना पक्के ठाऊक आहे. वादकांना ते कोणी शिकवले नाही, आणि मेहनताना घेताना पावतीवर केलेली सही त्यांना पुरेशी वाटत राहिली.

योगायोगाने गोन्साल्विस हे आडनाव या व्यवसायातही नामांकित आहे. कॉलिन गोन्साल्विस हे मुंबईच्या आय.आय.टी.तून स्थापत्य अभियांत्रिकी शिकून वकिलीकडे वळलेले ज्येष्ठ अधिवक्ता; २०१७ साली त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. अन्नाच्या हक्काच्या ज्या दाव्यात ते उभे राहिले, त्यात २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले माध्यान्ह भोजन देणे राज्यांवर बंधनकारक झाले. ज्यांनी त्या काळी शासनात काम केले, त्यांना त्या आदेशाची धावपळ आठवेल. माजोर्ड्याचे वादक आणि हे अधिवक्ता यांच्यात नात्याचा दावा आम्ही करीत नाही. आडनावावरून नाते जोडणे किती फसवे असते हे वर सांगितलेच आहे. सांगावयाचे आहे ते एवढेच, की एका गोन्साल्विसचे काम त्याच्या नावासह न्यायालयाच्या दप्तरी आहे, आणि दुसऱ्याचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी असून काम कोठेच नोंदलेले नाही.

एक धागा आपल्या दाराशी येतो. अँथनीचे ते गीत गायिले किशोरकुमार यांनी. खंडवा येथून जेमतेम सत्तर किलोमीटर. २००३ पर्यंत आपला व त्यांचा जिल्हा एकच, पूर्व निमाड. त्यांचे वडील कुंजलाल गांगुली खंडव्याचे वकील. अशोक, अनुप व किशोर या तिन्ही पुत्रांनी पडद्यावर ‘कुमार’ घेतले आणि गांगुली हे आडनाव घरी ठेवले. ज्यांची तसबीर व आवाज घरोघर पोचतो, त्यांना आडनाव टाकणे परवडते. वकिलाच्या मुलाने आपले आडनाव मागे ठेवून एका वादकाचे आडनाव देशभर गाजवले, आणि तरीही तो वादक अज्ञात राहिला. यापेक्षा या प्रश्नाचे बोलके उदाहरण आम्हांस सापडलेले नाही.

मग आपण काय करावे? कायदा बदलणे आपल्या हाती नाही. गायकांची हक्कसंस्था २०१३ मध्ये नोंदली गेली, पुढे तिच्या नावात वादकही आले. ते काम त्यांचे त्यांनी करावे. पण परंतुक ज्या प्रथेचा आधार घेते, ती प्रथा आपण सारे मिळून घडवतो. गीतावर लेख लिहून कवी, संगीतकार आणि गायक यांवर थांबणारा प्रत्येक समीक्षक त्या प्रथेचा एक साक्षीदार असतो. या त्रैमासिकातील आमचे स्वतःचे लेखही याला अपवाद नाहीत. गीतरामायणावर आम्ही पूर्वी लिहिले तेव्हा करुणरसाचा ऊहापोह चार पाने केला. ज्या गजाने ती करुणा स्वरात आणली त्या हाताचे नाव एकदाही लिहिले नाही. त्यास अज्ञान हे कारण होते, पण सबब होऊ शकत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यापुढे या पानांत गीताविषयी जे लिहिले जाईल, त्यात जेथे खात्रीने माहीत असेल तेथे वादकाचे नाव, आडनाव आणि वाद्य ही तिन्ही यावीत. तिहींपैकी एकही गाळू नये. आणि येत्या कोजागिरीची पत्रिका छापावयास जाईल तेव्हा अध्यक्षांच्या व पाहुण्यांच्या नावांच्या ओळी थोड्या लहान अक्षरांत घेऊन तबलावादकाची व संवादिनीवादकाची नावे पूर्ण छापावीत. कागद तेवढाच लागेल. पत्रिकेचा मजकूर लिहिण्याचे काम पुन्हा आमच्याकडे आले, तर ‘आणि साथीदार’ हे दोन शब्द आम्ही लिहिणार नाही.